दोन विमानांमधले सिंगापूर

मुंबईहून रात्री निघालेले विमान साधारण साडेपाच तासांत सिंगापूरला उतरते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे दार उघडते तेव्हा बाहेर लख्ख उजाडलेले असते. मेलबर्न किंवा सिडनीचे पुढचे विमान मात्र बऱ्याचदा संध्याकाळी, नाहीतर रात्री. लेकाकडे किंवा लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेले कितीतरी मराठी आईवडील हा मधला अख्खा दिवस चांगी विमानतळावरच्या खुर्च्यांवर काढतात. पायाशी पिशवी, पिशवीत दशम्या-चटणी आणि नजर वरच्या फलकावर. कुठे हललो आणि विमान चुकले तर, ही धास्ती.

याच विमानतळाच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या टर्मिनलमध्ये, दुसऱ्या विमानाची वाट पाहणाऱ्यांच्या भागात, एक काउंटर असतो. तिथे नाव नोंदवले की बस, वाटाड्या आणि अडीच तासांची शहराची फेरी मिळते, तीही फुकट. हातात साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांपेक्षा कमी वेळ हवा, एवढी मुख्य अट. कोविडमध्ये ही सोय बंद पडली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. एक फेरी नव्या, चकचकीत शहराची असते, एक जुन्या वस्त्यांची. याखेरीज चांगी परिसराची आणि विमानतळाला लागूनच असलेल्या ज्वेल या काचेच्या इमारतीची फेरीही असते. वेळापत्रक आणि थांबे बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी विमानतळाच्या संकेतस्थळावर नजर टाकावी. आगाऊ नोंदणीही तिथेच करता येते.

फुकट म्हटले की मराठी माणसाला आधी शंका येते, आणि ती रास्त आहे. कुणीतरी पैसे भरतच असणार. सिंगापूर हा देश म्हणजे एक शहर. देशांतर्गत विमानसेवा नावाची गोष्टच तिथे नाही, कारण उडून जायला देशात दुसरे गावच नाही. तरीही 2024 मध्ये चांगीवरून 6 कोटी 77 लाख प्रवाशांनी ये-जा केली, आणि देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात! यांतल्या मोठ्या वाट्याला सिंगापूरला जायचेच नव्हते. ते कुठून तरी कुठे तरी निघालेले, मध्ये विमान बदलायला उतरलेले. असा प्रवासी दुबई, दोहा, बँकॉक, क्वालालंपूर यांपैकी कुठूनही जाऊ शकतो, आणि तिकिटात पाच-सात हजारांचा फरक पडला की जातोही. त्याने पुढच्या वेळीही आपल्याकडूनच जावे, जमल्यास चार दिवस राहायलाच यावे, यासाठी विमानतळ, पर्यटन खाते आणि विमान कंपनी मिळून ही बस चालवतात. बसचे डिझेल आणि वाटाड्याचा पगार जाहिरातीच्या खर्चात धरला, की हिशेब सरळ लागतो.

म्हणजे सगळा देखावाच का? तर नाही, आणि या फेरीची गंमत मला इथेच वाटते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि चावायचे वेगळे, असे आपण म्हणतो. सिंगापूरने दाखवायच्या दातांनाच चावायला लावले आहे. फेरीत जे जे नेत्रसुखद म्हणून दाखवतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट काहीतरी काम करत राबत असते. वाटाड्याला घाई असते, तो उंची आणि किंमत सांगून पुढे सरकतो. ते काम आपल्याला आधीच ठाऊक असेल तर अडीच तासांत बरेच हाती लागते.

पण शहर पाहायचे तर आधी विमानतळाच्या बाहेर पडावे लागते, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांचे घोडे इथेच अडते. फेरी फुकट असली तरी ती सिंगापूरच्या हद्दीत होते. पारपत्र तपासणीच्या खिडकीतून जाणे चुकत नाही. आपल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो. मात्र ज्यांच्याकडे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा किमान महिनाभर मुदत उरलेला व्हिसा आहे आणि पुढचे पक्के तिकीट आहे, अशा भारतीयांना 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्याची एक सवलत आहे. मेलबर्नला निघालेले आईवडील यात बसतात. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, म्हणून मंजुरीच्या पत्राचा छापील कागद हाताशी ठेवावा. आत सोडायचे की नाही हा शेवटचा निर्णय खिडकीतल्या अधिकाऱ्याचा. सिंगापूरचे आगमनपत्रही ऑनलाइन भरावे लागते. ते आदल्या दिवशी घरूनच भरलेले बरे.

सामानाचे तितकेच महत्त्वाचे. मुंबईत दिलेली बॅग थेट मेलबर्नला लागणारी हवी, म्हणजेच दोन्ही विमाने एकाच तिकिटावर हवीत. स्वस्तात पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर बॅग घ्या, पुन्हा द्या, या भानगडीत फेरी बाजूलाच राहते. आणि एक सूचना खास आपल्या लोकांसाठी: खायची तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा यांना सिंगापुरात बंदी आहे. ई-सिगारेटला आहे, च्युइंगगमच्या आयातीला 1992 पासून आहे. खिशातली चुन्या-तंबाखूची डबी घरी विरंगुळा असेल, तिथे तो गुन्हा आहे. शहरात पाऊल टाकायचे असेल तर ती मुंबईतच सोडून द्यावी.

साडेपाच तासांचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. विमानातून उतरून काउंटरपर्यंत पोचणे, तुकडी जमेपर्यंत थांबणे, पारपत्र तपासणीची रांग, अडीच तासांची फेरी, परतल्यावर पुन्हा तपासणी, आणि विमान सुटण्याआधी फाटकावर हजर राहणे. प्रत्येक टप्प्याला थोडा सैल वेळ धरला तरच आकडा जुळतो. विमान उशिरा उतरले तर मोह आवरावा. पहिल्या फेरीत जागा नाही मिळाली तर पुढचीत मिळेल असेही गृहीत धरू नये.

चांगी ते शहराचा मध्य हे अंतर सुमारे 20 किलोमीटर. बस किनाऱ्यालगतच्या ईस्ट कोस्ट पार्कवेवरून जाते आणि दोन्ही बाजूंनी रेन ट्रींची छत्री सुरू होते. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे झाड मुंबईकरांनाही ओळखीचे आहे. तिथे ते इतके सलग आणि इतके निगुतीने राखलेले दिसते की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी 1963 मध्ये स्वतः रोप लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. त्यामागचा हिशेब त्यांनी पुढे आत्मचरित्रात उघडपणे लिहिला आहे. परदेशी कंपनीचा प्रमुख विमानतळावरून हॉटेलात आणि तिथून ली यांच्या कार्यालयात येईपर्यंत त्याला वाटेत नीटनेटके रस्ते आणि राखलेली झाडे दिसली, की हा देश शिस्तीने चालतो हे त्याला न सांगता कळते, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी विमानतळ दुसरीकडे, पाया लेबारला होता. चांगी सुरू झाला 1981 मध्ये, आणि नवा रस्ता आखताना हा धडा विसरला गेला नाही. म्हणजे बस निघाल्या क्षणी तुमची फेरी सुरू झालेली असते; वाटाड्याने माइक हातात घेण्याची वाट पाहू नये.

ज्या जमिनीवरून बस चालली आहे, ती तरी कुठे मूळची आहे? हा बराचसा किनारा गेल्या साठ वर्षांत भराव घालून तयार केलेला. विमानतळाखालची बरीच जमीन तशीच. उजव्या हाताला मरीन परेडच्या उंच सरकारी इमारती दिसतात. ती वसाहत 1970च्या दशकात अशाच भरावाच्या जमिनीवर उभी राहिली. 1960च्या सुमारास सिंगापूरचे क्षेत्रफळ 580 चौरस किलोमीटरच्या आसपास होते, आता ते 730च्या पुढे गेले आहे. टेकड्या खणून माती टाकली, ती संपल्यावर शेजारच्या देशांतून वाळू विकत आणली. शेवटी शेजाऱ्यांनीच वाळू द्यायला हात आखडता घेतला. बीच रोड नावाच्या रस्त्यावर उभे राहिले तर समुद्र दिसत नाही. नरिमन पॉइंटच्या वाचकाला यात नवल वाटायला नको. फक्त तिथला भराव थांबला, यांचा थांबला नाही.

नव्या शहराच्या फेरीतला ठरलेला थांबा म्हणजे मर्लायन. सिंहाचे डोके, माशाचे धड आणि तोंडातून पाण्याची धार. उंची 8.6 मीटर, वजन 70 टन. फोटोत पाहून गेलेल्याला तो प्रत्यक्षात हमखास लहान वाटतो, आणि मग लोक तोंडात धार पडते आहे असा फोटो काढण्याच्या कसरतीला लागतात. दंतकथा अशी की पालेमबांगचा राजकुमार सांग नील उतम या बेटावर उतरला, त्याला एक रुबाबदार जनावर दिसले, ते सिंह असल्याचे सोबत्यांनी सांगितले, आणि बेटाला नाव पडले. प्राणिशास्त्र म्हणते, या बेटावर सिंह कधी नव्हताच. वाघ मात्र होते.

माशाची शेपूट तर दंतकथेतही नाही. ती आली 1964 मध्ये, पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी. चित्र काढले फ्रेझर ब्रूनर यांनी. ते व्हॅन क्लीफ मत्स्यालयाचे प्रमुख, म्हणजे माशांचे जाणकार. शेपूट कुठून आली हे निराळे सांगायला नको. शिल्पकार लिम नांग सेंग यांनी पुतळा घडवला आणि 15 सप्टेंबर 1972 रोजी ली क्वान यू यांनी त्याचे अनावरण केले. सिंगापूर नदीच्या मुखाशी त्याला उभे केले होते. पुढे 1997 मध्ये समोरच एस्प्लनेड पूल झाला आणि राष्ट्राची खूण पुलाआड गेली. 2002 मध्ये 70 टनांचे हे धूड उचलून 120 मीटर पलीकडे, आत्ताच्या जागी आणून बसवले. 2009 मध्ये डोक्यावर वीज पडून टवका उडाला, तोही बुजवला. मोठ्या मर्लायनच्या पाठीमागे त्याचे दोन मीटरचे पिल्लू आहे. बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. त्याच्या जवळ जाऊन नीट पाहावे: अंगावरची कातडी चिनी मातीच्या बशांच्या तुकड्यांची आहे आणि डोळे म्हणजे चहाचे छोटे लाल कप. मला विचाराल तर मोठ्यापेक्षा तेच जास्त देखणे.

देवळात नाही, पुराणात नाही, सरकारी खात्याने चित्रकाराकडून काढून घेतलेला हा प्राणी. आणि तरी जगभर सिंगापूर म्हटले की तोच आठवतो. याला कुणी बनावट म्हणेल. पण 1964 मध्ये हे शहर अजून स्वतंत्र राष्ट्रही नव्हते. पुढच्या वर्षी मलेशियातून बाहेर पडून ते झाले. चिनी, मलाय, तमिळ, अशी मिश्र वस्ती, बरीचशी बाहेरून आलेली. यातल्या कुणा एकाचे दैवत किंवा वीरपुरुष खूण म्हणून घेतला असता तर उरलेले दुखावले असते. मर्लायन कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होऊ शकला.

आता मर्लायनकडे पाठ करून पाण्याकडे पाहावे. समोरचा तो विस्तीर्ण जलाशय, त्यात उंच इमारतींची प्रतिबिंबे, पलीकडे मरीना बे सँड्सचे तीन मनोरे. सगळे त्याला समुद्र समजतात. तो समुद्र नाही. ते पिण्याच्या पाण्याचे धरण आहे. माझ्या मते संपूर्ण फेरीत पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि तिचा फोटो कुणी काढत नाही.

सिंगापूरला पाऊस भरपूर, वर्षाला सरासरी 2400 मिलिमीटरच्या आसपास. पण पाणी साठवायला जागा नाही, मोठी नदी नाही, डोंगर नाही. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून नळाने पाणी येते. त्याबद्दलचा 1962चा करार 2061 मध्ये संपतो. दुसऱ्याच्या हातात आपला नळ, ही भीती या देशाच्या हाडात भिनलेली आहे. म्हणून मग शहरावर पडणारा पाऊसच धरायचे ठरले. पण त्यासाठी आधी शहराची गटारगंगा झालेली नदी साफ हवी. 1977 मध्ये ली क्वान यू यांनी अधिकाऱ्यांना दहा वर्षांची मुदत दिली. नदीकाठची डुकरे आणि बदके पाळणारी खुराडी हटवली, सुमारे 26 हजार कुटुंबांना सरकारी घरांत हलवले, रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या जवळपास पाच हजार जणांना नळ आणि मोरी असलेल्या छपराखालच्या बाजारांत नेले, मालवाहू पडाव दूरच्या बंदरात धाडले. 1987 मध्ये काम पुरे झाले तेव्हा लोक त्या पाण्यात पोहले. सगळे खुशीने हलले असे मात्र कुणी समजू नये. पिढ्यानपिढ्यांचा धंदा आणि शेजार मोडून माणसे गेली.

त्यानंतर वीस-एक वर्षांनी, 2008 मध्ये, खाडीच्या तोंडावर मरीना बॅरेज हा 350 मीटर रुंद बांध घातला. याच्या मागे जो परिसर येतो तो सुमारे 10 हजार हेक्टरचा, म्हणजे देशाच्या एक षष्ठांश. आणि तोही जंगलाचा नव्हे, तर भर वस्तीचा. दुकानांच्या छपरांवरून, रस्त्यांवरून, नाल्यांतून वाहून येणारे पावसाचे पाणी इथे साठते. सुरुवातीला आत खारे पाणीच होते. पावसाने ते हळूहळू बाहेर ढकलले आणि दोनेक वर्षांत जलाशय गोडा झाला. बांधाला नऊ पोलादी दरवाजे आहेत. जोराचा पाऊस पडला आणि बाहेर ओहोटी असली, तर दरवाजे खाली करून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही, उलटे पाणी आत येईल. तेव्हा सात अजस्र पंप पाणी उपसून बाहेर फेकतात. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस लागला की सखल भागात काय होते हे मुंबईतले हिंदमाता आणि मिलन सबवे पाहिलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. त्याच दुखण्यावरचा हा इलाज, आणि तो करता करता पिण्याच्या पाण्याचीही सोय झाली. मर्लायनच्या तोंडातली धार पडते ती या धरणात.

पलीकडच्या मरीना बे सँड्सबद्दल थोडक्यात. मोशे साफ्दी या वास्तुकाराने आखलेली ही इमारत 2010 मध्ये उघडली. 55 मजल्यांचे तीन मनोरे, आणि त्यांच्या डोक्यावर 340 मीटर लांबीचे जहाजासारखे छत, त्यावर 150 मीटरचा तरणतलाव. तलावात हॉटेलच्या पाहुण्यांनाच प्रवेश, त्यामुळे खालूनच मान वर करायची. खाली जुगारघर आहे. सिंगापूरमध्ये जुगारघरे येऊ द्यावीत का यावर 2005 मध्ये बरीच खडाजंगी झाली. शेवटी तोड निघाली ती अशी की परदेशी माणसाने पासपोर्ट दाखवून आत जावे, पण देशाच्या नागरिकाला दारातच 24 तासांसाठी 150 सिंगापूर डॉलर भरावे लागतात. नाद परक्यांनी करावा आणि महसूल आपल्याला मिळावा, याला धूर्तपणा म्हणा नाहीतर राज्यकारभार.

तिथून गार्डन्स बाय द बे जवळच. 101 हेक्टरची ही बागही भरावाच्या जमिनीवरच, 2012 मध्ये खुली झाली. लोक जातात ते सुपरट्रीज पाहायला: 25 ते 50 मीटर उंचीची पोलादी झाडे, अंगावर लाखाहून जास्त जिवंत रोपे चढवलेली. अशी 18 झाडे आहेत. रात्री दिव्यांचा खेळ असतो, तो दिवसाच्या फेरीत मिळत नाही. पण दिवसा गेल्याचा एक फायदा असतो, शेंड्यांकडे नीट पाहता येते. काहींवर सौरपट्ट्या आहेत, आणि काही झाडे चक्क धुराडी आहेत. शेजारी दोन अवाढव्य काचघरे दिसतात, एकात भूमध्य सागराच्या काठची कोरडी थंड हवा, दुसऱ्यात डोंगरावरच्या ढगांतली दमट हवा. युरोपात काचघर बांधतात ते उबेसाठी. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेल्या या शहरात काचघर आतून थंड ठेवावे लागते, आणि त्याला वीज लागते. ती वाचवायला बेटावरच्या रस्त्यांकडेची झाडे छाटून निघालेला पाला-लाकूड एका बॉयलरमध्ये जाळतात, त्या उष्णतेवर हवा थंड आणि कोरडी करण्याची यंत्रे चालवतात, आणि उरलेला वाफारा त्या पोलादी झाडांच्या पोटातून वर सोडतात. येताना ज्या रेन ट्रींखालून आलो, त्यांच्या फांद्या इथे कामाला येतात. काचघरांना तिकीट आहे आणि फेरीत तेवढा वेळही नसतो. झाडांखाली फिरणे मात्र फुकट.

हे सगळे एकदा पाहून झाले असेल, किंवा गर्दीच्या फोटोंचा कंटाळा असेल, तर जुन्या वस्त्यांची फेरी घ्यावी. मी तर पहिल्यांदाच जाणाऱ्यालाही हीच सुचवेन. 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स इथे उतरला आणि 1822च्या आराखड्यात कोणत्या लोकांनी कुठे राहायचे याच्या रेघा मारल्या गेल्या. अरब आणि मलाय इकडे, चिनी तिकडे. त्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत. काम्पोंग ग्लाम या मलाय वस्तीत सुलतान मशीद आहे. आजची इमारत 1932 मध्ये पुरी झाली. तिचा सोनेरी घुमट दुरून सगळेच पाहतात. घुमटाच्या पायथ्याशी एक काळपट पट्टा आहे, तो जवळ गेल्यावर निरखावा. ती काचेच्या बाटल्यांची बुडे आहेत, ओळीने बसवलेली. श्रीमंतांनी देणग्या दिल्या, गरिबांनी बाटल्या दिल्या, आणि त्यांचाही वाटा सर्वांत वरच्या जागी लागला.

चायनाटाउनकडे तेलोक आयर रस्त्यावर थियान हॉक केंग हे चिनी देऊळ आहे, 1842च्या सुमारास पुरे झालेले. समुद्रदेवता माझूचे देऊळ, त्या काळी अगदी पाण्याच्या काठावर. चीनहून जहाजाने आलेला माणूस उतरल्याबरोबर सुखरूप पोचल्याचा नमस्कार करायला इथे येई. आज देवळासमोर रस्ता, मग इमारती, मग आणखी इमारती. समुद्र अर्धा किलोमीटरहून अधिक मागे सरला आहे. देवी जागच्या जागी आहे.

या शहराच्या उभारणीत हिंदुस्थानी हात बरेच आहेत, आणि ते हात बेड्यांतले होते. 1825 पासून जवळजवळ पन्नास वर्षे कंपनी सरकारने आणि नंतर ब्रिटिश सरकारने बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतले कैदी इथे काळ्या पाण्यावर धाडले. रस्ते, पूल आणि सरकारी इमारती त्यांनी बांधल्या. सेंट अँड्र्यूज हे पांढरेशुभ्र कॅथीड्रल त्यांच्याच मेहनतीचे, 1861 मध्ये खुले झालेले. त्याच्या भिंतींचा गिलावा कसा केला याची नोंद आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर मळून, त्यात नारळाची सोडणे मुरवलेले पाणी घालून लेप द्यायचा आणि सुकल्यावर गारेच्या दगडाने घासून चकाकी आणायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गिलाव्यात गूळ आणि बेलफळ घालत, त्याच घराण्यातली ही कृती.

कॅथीड्रलपासून जवळच पाडांग हे मोकळे मैदान. 5 जुलै 1943 रोजी सुभाषचंद्र बोस यांनी इथे आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. मैदानालगतच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेतल्या शहिदांचे स्मारक 1945 मध्ये उभे राहिले होते. ब्रिटिश परतताच त्यांनी ते पाडले. त्या जागी 1995 मध्ये खुणेचा फलक बसवला आहे. फेरीची बस तिथे थांबेल याचा भरवसा धरू नये. पण मर्लायनपासून पूल ओलांडून चालत ते दहा-पंधरा मिनिटांवर आहे, हे पुढच्या वेळी चार दिवस राहायला जाल तेव्हा लक्षात असू द्या.

आणि बसमधून काय दिसत नाही? सिंगापूरचे सुमारे आठ दशांश रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. त्या इमारतींच्या तळमजल्यावरची मोकळी जागा, तिथे चालणारे बुद्धिबळाचे डाव, लग्नाचे आणि अंत्यविधीचे मांडव, खालचा खाद्यबाजार, हे फेरीत येत नाही. हे मनोरे ज्यांनी बांधले ते तमिळनाडू आणि बांगलादेशातून आलेले मजूर शहराच्या कडेला वसतिगृहांत राहतात. तेही येत नाहीत. यजमान पाहुण्याला दिवाणखाना दाखवतो, मोरी दाखवत नाही, त्यात गैर काही नाही. फक्त दिवाणखाना पाहून घर पाहिले असे सांगत सुटू नये.

अशी सोय करणारे सिंगापूर एकटे नाही. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना फुकट शहर दाखवते आणि जेवूही घालते. तैपेई आणि सोलजवळच्या इंचॉन विमानतळावरूनही अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या निघतात. मुंबईहून का निघत नाहीत? आपल्या टर्मिनलपासून गेट वेपर्यंतचे अंतर चांगी ते मर्लायनपेक्षा फार जास्त नाही. दाखवायला तर रग्गड आहे: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत, ओव्हलच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असलेले गॉथिक आणि आर्ट डेको. अडचण दोन गोष्टींची. परदेशी माणूस तिसऱ्या देशात जायला मुंबईत विमान बदलतो असे अजून क्वचित घडते. आणि साडेबाराला निघालेली बस तीन वाजता परत येईलच, याची हमी कुठला वाटाड्या छातीवर हात ठेवून देईल? चांगीवर तशी हमी देता येते, म्हणून ती फेरी फुकट देणे परवडते.

परतल्यावर उरलेला वेळ ज्वेलमध्ये घालवायचा मोह होईल. टर्मिनल एकच्या उघड्या वाहनतळाच्या जागी 2019 मध्ये उभी राहिलेली ही इमारत, तीही साफ्दींचीच, आणि तिच्या मधोमध 40 मीटरवरून कोसळणारा धबधबा, त्यालाही छतावर पडलेले पावसाचे पाणी वापरतात. मात्र ज्वेल पारपत्र तपासणीच्या बाहेर आहे; एकदा आत गेलात की ते गेले. म्हणून आधी ते पाहा, मग आत जा. आणि एक पक्के ध्यानात ठेवा: चांगीच्या एक, दोन, तीन क्रमांकाच्या टर्मिनलमध्ये सामानाची सुरक्षा तपासणी प्रत्येक फाटकाशी होते. पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, रांग लागते, आणि फाटक ठरल्या वेळी बंद होते. चौथे टर्मिनल तर वेगळेच आहे, तिथे बसने जावे लागते. तिकिटावर कोणते टर्मिनल आहे हे फेरीला निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.